आश्विनातील जनजागृती कोठे व्हावी: महाविद्यालयाच्या आवारात की शेताच्या धुऱ्यावर (बांधावर)?

माजी स्वयंसेवक, जिल्हा यवतमाळ (धागा मांडणारे)

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मी ज्या महाविद्यालयात शिकलो तेथे कीटकनाशकांच्या सुरक्षित वापरावर बोलण्यासाठी मला बोलावण्यात आले होते. सभागृहात साठ-सत्तर विद्यार्थी बसले होते. या हंगामात ज्यांनी स्वतः पाठीवर पंप घेऊन फवारणी केली आहे त्यांनी हात वर करावेत, असे मी म्हणालो, तेव्हा अकरा हात वर आले. फवारणी करणारी बाकीची मुले कोठे आहेत, असे विचारल्यावर एका विद्यार्थ्याने उभे राहून सांगितले की ती सोयाबीनच्या सवंगणीला, म्हणजे कापणीला, गेली आहेत. ज्यांच्यासाठी मी तयारी करून गेलो होतो ते त्या वेळी शेतात होते, आणि ज्या फवारणीबद्दल मी बोलणार होतो ती जवळजवळ आटोपली होती.

२०१७ मध्ये, जुलै ते ऑक्टोबर या काळात, आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला लागली होती, त्यामुळे फवारा पिकावर पडता पडता फवारणाऱ्याच्या तोंडावर आणि छातीवर येत होता, ओला सदरा संध्याकाळपर्यंत अंगावरच वाळत होता आणि हात न धुता खर्रा खाल्ला जात होता. माझे सख्खे काका त्या वर्षी नऊ दिवस दवाखान्यात होते. मी तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक होतो, आणि त्याच सप्टेंबरात आम्ही आवारात स्वच्छतेवर भित्तिचित्रांची स्पर्धा घेत होतो. स्वच्छतेचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु आमच्या घरांत माणसे विषाने तडफडत असताना आमच्या एकाही कार्यक्रमात फवारणीचा उल्लेख झाला नाही, हे मला आजही बोचते.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत ग्रामीण महाविद्यालयांनी आवारात जनजागृतीचे कार्यक्रम घेऊच नयेत. फवारणीविषयीचे काम आषाढात, पहिला पंप भरला जाण्यापूर्वी व्हावे; आणि शरद ऋतूतील सगळे तास गावांत, धुऱ्यावर, मळणीयंत्रापाशी खर्च व्हावेत. आपणा सर्वांचे मत काय आहे?

प्राध्यापक व कार्यक्रम अधिकारी, जिल्हा वाशीम

आपली तळमळ मला समजते, तरीही प्रस्ताव मान्य नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. त्यामुळे तिचा स्थापना दिवस सप्टेंबरात येतो आणि पाठोपाठ गांधी जयंती, १० ऑक्टोबरचा मानसिक आरोग्य दिन व १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन येतात. प्रत्येकासाठी परिपत्रक येते आणि प्रत्येकाचा अहवाल छायाचित्रांसह ठरलेल्या मुदतीत पाठवावा लागतो. या तारखा महाविद्यालय ठरवत नाही.

त्याहून मोठी अडचण वेळापत्रकाची आहे. पहिल्या वर्षाचे प्रवेश ऑगस्टपर्यंत रेंगाळतात, हिवाळी परीक्षा दिवाळीच्या आगेमागे असतात आणि एका स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचे असते. मुले हाताशी असतात ती याच सहा-सात आठवड्यांत. धुऱ्यावर जायचे म्हटले तर वाहन कोणाचे, मुलींच्या पालकांची परवानगी कोण आणणार आणि गवतातून जाताना कोणाला पान लागले, म्हणजे साप चावला, तर उत्तर कोण देणार, हे प्रश्न कार्यक्रम अधिकाऱ्याला एकट्याला सोडवावे लागतात.

सभागृहातील तास वाया जातो, हेही मला पटत नाही. आमच्याकडे सर्पदंशावर व्याख्यान झाले तेव्हा जेमतेम चाळीस मुले होती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांच्या दंशावर प्रतिसर्पविष सरकारी रुग्णालयात मिळते. चावलेली जागा कापू नये, आवळून बांधू नये, तो अवयव हलू देऊ नये. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तिच्या दाताची खूणही नीट दिसत नाही. एवढेच त्यात सांगितले होते. त्या चाळिसांपैकी एका मुलाचा भाऊ पंधरा दिवसांनी जागलीवर असताना पहाटे पोट दुखते म्हणून घरी आला. त्याच्या पापण्या मिटू लागलेल्या पाहून या मुलाने, अंगावर कोठेही जखम नसताना, त्याला मांत्रिकाकडे न नेता मोटारसायकलवर मध्ये बसवून ग्रामीण रुग्णालयात पोहोचवले. तो भाऊ आज जिवंत आहे. सभागृहात बसलेला एक मुलगा एका घरापर्यंत पोहोचतो, असा माझा अनुभव आहे.

पदवीच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, जिल्हा चंद्रपूर

धागा मांडणाऱ्या दादांना माझी विनंती आहे की त्यांनी मुलींचा विचार करून हा प्रस्ताव पुन्हा वाचावा. गावात कार्यक्रम घेणे म्हणजे लोकांपर्यंत पोहोचणे, असे ते गृहीत धरतात. माझ्या गावात ग्रामपंचायतीसमोर सभा भरली तर पारावर पुरुष बसतात आणि बाया घराच्या दारात उभ्या राहून ऐकतात. तेथे मी मासिक पाळीबद्दल, रक्तक्षयाबद्दल किंवा कोणी छेड काढल्यास काय करावे याबद्दल एक शब्दही बोलू शकत नाही, कारण तेथे मी अमक्याची पोर असते. महाविद्यालयाच्या आवारात मी प्रश्न विचारू शकते, आणि मला उत्तर देणारी बाई माझ्या काकूच्या ओळखीची नसते.

मागच्या वर्षी नवरात्रात आमच्या आवारात हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली. माझे हिमोग्लोबिन ८.२ निघाले. त्यापूर्वी दोन वर्षे मी जिना चढताना थांबत होते आणि घरी सगळे मला आळशी म्हणत होते. ती तपासणी गावात असती तर मी गेले नसते, कारण गावात सिकलसेलसाठी रक्त दिलेल्या मुलीकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात आणि ती गोष्ट स्थळ पाहायला येणाऱ्यांच्या कानावर आधी जाते.

एक सूचना मात्र महाविद्यालयांनाही करते. कार्यक्रम दिवसा घ्यावेत. आमची शेवटची एसटी साडेपाचला सुटते, त्यामुळे कोजागिरीचा संध्याकाळचा कार्यक्रम कितीही चांगला असला तरी तो तालुक्याच्या गावात राहणाऱ्या मुलींपुरताच असतो. माझ्या आजीच्या काळी भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाई बसत असे, मुली जमून गाणी म्हणत आणि डबा वाजवून खिरापत ओळखत. मुलींनी एकत्र बसून बोलण्याची ती जागा आमच्या गावातून गेली आहे. आता आवारही बंद केले तर आम्ही कोठे जमायचे, याचे उत्तर मला हवे आहे.

शेतकरी पालक, जिल्हा अमरावती

प्राध्यापक साहेबांनी वाहनाची अडचण सांगितली, माझी अडचण हजेरीची आहे. सोयाबीन पिकले की हाती आठ-दहा दिवस असतात. ऊन लागले तर शेंगा तडकून दाणे खाली पडतात, परतीचा पाऊस आला तर शेंगेतच कोंब फुटतात. त्या दिवसांत मजूर मिळत नाहीत. मिळाले तर हुंड्याने (ठोक पद्धतीने) एकराचा जो भाव सांगतात तो माझ्यासारख्या कोरडवाहू माणसाला परवडत नाही. माझा मुलगा घरची सवंगणी करतो, नंतर दुसऱ्यांकडे जातो आणि त्या पैशातून परीक्षेचे शुल्क भरतो. त्याच आठवड्यात जनजागृती सप्ताह ठेवून, हजर न राहिल्यास अंतर्गत गुण मिळणार नाहीत असे त्याला सांगितले गेले.

कार्यक्रम आवारात घ्या किंवा धुऱ्यावर घ्या, माझी हरकत नाही. सवंगणीच्या पंधरवड्यात हजेरीची सक्ती करू नये, एवढीच माझी मागणी आहे. धुऱ्यावर येणाऱ्या स्वयंसेवकांनाही सांगतो की मळणीयंत्र भाड्याने आणलेले असते आणि त्याचे भाडे चालू असते. त्या वेळी उभे राहून कोणीही भाषण ऐकणार नाही.

निवृत्त आरोग्य सेविका, जिल्हा गडचिरोली

मी एकोणतीस वर्षे उपकेंद्रात काम केले आहे आणि वरील विद्यार्थिनीचे म्हणणे वाचून मला आनंदही झाला, काळजीही वाटली. बेटा, तुझी तपासणी झाली हे चांगले झाले. परंतु अशा शिबिरांत सिकलसेलसाठी जी पहिली चाचणी करतात, ती विद्राव्यता चाचणी, रक्तात सिकलचा दोष आहे एवढेच सांगते. ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे त्यानंतरच्या इलेक्ट्रोफोरेसिससारख्या तपासणीशिवाय कळत नाही. आणि यांत फार मोठा फरक आहे. वाहक व्यक्ती एरवी निरोगी आयुष्य जगते. रुग्णाला मात्र सांधे आणि हाडे दुखण्याचे झटके येतात, वारंवार रक्त चढवावे लागू शकते आणि नियमित औषध घ्यावे लागते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिल्या चाचणीचा कागद हातात देऊन शिबिर उठले, तर त्या मुलीला अर्धवट माहिती आणि पूर्ण भीती मिळते.

माझ्या नोकरीच्या काळात एका महाविद्यालयातून शिबिरानंतर यादी आली होती. तीत मुलींची नावे, गावे आणि निकाल एकाच कागदावर होते आणि तो कागद तीन जणांच्या हातांतून फिरून माझ्याकडे आला. त्यातील एका मुलीचे ठरलेले लग्न महिनाभरात मोडले, आणि पुढे पक्की तपासणी झाली तेव्हा ती केवळ वाहक निघाली. ती मुलगी माझ्यासमोर बसून जे रडली ते मी विसरलेले नाही. त्यामुळे या विषयात मी दोन्ही बाजूंच्या विरोधात आहे. सिकलसेलचे निर्मूलन २०४७ पर्यंत करण्याचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे, त्यात तपासण्यांची संख्या वाढणारच. परंतु एका दिवसाच्या कार्यक्रमात तपासणी करायची असेल तर दुसरी तपासणी कोठे होणार, निकाल कोण सांगणार आणि तो बंद पाकिटात, एकेकाला, समुपदेशनासह कधी मिळणार, हे आधी लिहून घ्यावे. ते ठरले नसेल तर त्या दिवशी फक्त माहिती द्यावी, सुई टोचू नये.

विद्यार्थिनी, जिल्हा चंद्रपूर

ताई, आपण म्हणता ते खरे आहे. आमच्या शिबिरातील सिकलसेलचा निकाल मला सात महिन्यांनी मिळाला आणि तोही कार्यालयातील लिपिकाने सर्वांसमोर नाव पुकारून दिला. मी हे आधी लिहायला हवे होते. तरीही आवारातील तपासणी बंद करावी असे मला वाटत नाही; निकाल सांगण्यासाठी एक खोली आणि एक ताई असावी, हे मात्र मी आमच्या प्राचार्यांना लेखी देणार आहे.

निवृत्त शिक्षक, जिल्हा अमरावती

या चर्चेत सर्वांनी लोकांना जमवण्याचा विचार केला आहे. आपल्या भागात शरद ऋतूत लोक आपणहून जमतात, हे कोणी मांडले नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. त्यांच्या पुण्यतिथीला गुरुकुंज मोझरीत गावागावांतून लोक येतात आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तो सारा समुदाय मौन पाळतो. नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ लाखो लोक येतात आणि परत जाताना पुस्तके विकत घेऊन जातात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक होते. गाडगेबाबा दिवसा खराट्याने गाव झाडत आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून प्रश्न विचारत. ऐकणाऱ्यांनी सकाळी त्यांचे काम पाहिलेले असे, म्हणून त्यांचे बोलणे मनावर घेतले जात असे. स्वयंसेवकांनी अशा ठिकाणी आधी पाणी वाटावे, कचरा उचलावा, रांगा लावाव्यात. बोलण्याची संधी त्यातूनच मिळेल.

प्राध्यापक व कार्यक्रम अधिकारी, जिल्हा वाशीम

गुरुजी, सेवा म्हणून हे उत्तमच आहे आणि आमची मुले दीक्षाभूमीवर जातातही. परंतु लाखोंच्या गर्दीत दिलेले पत्रक पायदळी जाते, हे मी पाहिले आहे. हजेरीच्या बाबतीत मात्र पालकांचे म्हणणे मला मान्य आहे. सवंगणीच्या पंधरवड्यातील उपक्रमांचे तास नंतरच्या हिवाळी शिबिरात भरून देता येतील, आणि यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याची गरज नाही. आमच्या महाविद्यालयापुरते मी ते याच वर्षी करतो.

माजी स्वयंसेवक, जिल्हा यवतमाळ (धागा मांडणारे)

आवारात काहीच घेऊ नये, हा माझा प्रस्ताव मी मागे घेतो. मुलींच्या जमण्याच्या जागेचा विचार मी केला नव्हता, ही माझी मोठी चूक होती. मळणीयंत्रापाशी भाषण देण्याची कल्पनाही अमरावतीच्या शेतकरी काकांच्या एका वाक्याने निकालात निघाली.

फवारणीच्या बाबतीत मात्र मी प्राध्यापक सरांशी सहमत नाही. पहिल्या वर्षाचे प्रवेश ऑगस्टपर्यंत चालतात, हे खरे असले तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाची मुले जुलैत आवारात असतात, आणि पंप पाठीवर घेणारी मुले बहुतांशी त्याच वयाची आहेत. या कामाला सभागृहही लागत नाही. गेल्या हंगामाचे, धुऱ्यावर पडलेले रिकामे डबे हातमोजे घालून गोळा करून आणावेत, टेबलावर मांडावेत आणि प्रत्येक मुलाला डब्यावरील त्रिकोणाचा रंग ओळखायला सांगावे: लाल म्हणजे अति तीव्र विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. विषबाधा झाल्यास डॉक्टरांना दाखवण्यासाठी त्याच डब्याची चिठ्ठी सोबत न्यायची असते, कारण औषधाचे नाव कळल्यावरच उतारा ठरतो. माझ्या काकांना दवाखान्यात नेले तेव्हा आमच्यापैकी कोणीही डबा सोबत घेतला नव्हता. तो शोधायला मी सायकलने परत शेतात गेलो आणि डबा सापडेपर्यंत अंधार पडला होता. सरांनी आषाढात एक दुपार दिली तर डबे मी घेऊन येतो.