मदत हवी आहे: पातळ लाकडी वाटी कातताना काठ फुटतो

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी वडोदऱ्यात राहतो. निवृत्तीनंतर गेले दीड वर्ष मागच्या पडवीत लहान लेथवर लाकूड कातायला शिकत आहे. लाटणी, भोवरे, रवीचे दांडे आता व्यवस्थित होतात. परंतु ज्या कामासाठी लेथ घेतला, ती पातळ भिंतीची लहान वाटी अद्याप साधलेली नाही.

आमच्या घरी आईची कुंकवाची एक लाकडी वाटी आहे. तिच्यावर झाकण बसते आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला अजूनही तीच बाहेर निघते. व्यास सुमारे 9 सेंटिमीटर, खोली 4 सेंटिमीटर आणि भिंत काठापासून तळापर्यंत सारखी 2 मिलिमीटर. हातात घेतली की वजन असे जाणवतच नाही. तशाच पाच वाट्या मुलींना आणि सुनांना करून द्याव्यात, अशी मनापासून इच्छा आहे.

आतापर्यंत 14 वाट्या कातल्या, त्यांतल्या 9 फुटल्या. पहिल्या आठ पाडलेल्या घराच्या जुन्या सागवानी तुळईच्या होत्या. लाकूड इतके जुने आणि सुके की ते हलणार नाही, असे मी गृहीत धरले होते. बाहेरचा आकार आधी पूर्ण करून, वाटी उलटी चकात (लेथच्या पकडीत) धरून, मी काठापासून तळापर्यंत आतून कोरत जातो. फिरण्याचा वेग मिनिटाला सुमारे 1200 फेरे असतो. तळ संपेपर्यंत सगळे ठीक चालते. त्यानंतर काठाजवळ आतल्या बाजूला राहिलेली बारीक खरखर काढण्यासाठी गोल पटाशी पुन्हा वर आणली, की आवाज बदलतो. आधीचा सलग सळसळता आवाज जाऊन टक-टक-टक असा तुटक आवाज येतो, प्रत्येक फेऱ्यात दोनदा, आणि पुढच्या क्षणी पटाशी अडकून काठाचा चंद्रकोरीएवढा तुकडा उडतो. एकदा तो तुकडा थेट चेहऱ्यावरच्या काचेवर आदळला, तेव्हापासून काच लावल्याशिवाय मी यंत्र सुरू करत नाही.

धार कमी पडते असे वाटून प्रत्येक वाटीच्या शेवटच्या फेरीआधी पटाशी परजून पाहिली. स्क्रेपरही (लाकूड खरवडणारे हत्यार) लावून पाहिला, पण त्याने भिंत अधिकच थरथरते.

पुढच्या सहा वाट्या श्रावणात छाटलेल्या कडुनिंबाच्या ओल्या फांदीच्या केल्या. ओले लाकूड लोण्यासारखे कापले जाते, ढलप्या लांबलचक निघतात. एकाच बैठकीत 2 मिलिमीटरपर्यंत उतरवले, तर चार वाट्या टिकल्या. राहिलेल्या दोघींपैकी एकीच्या काठात फांदीचा मधला गाभा आला होता, ती तेथूनच चिरली. दुसरी मी पंख्याखाली ठेवली, ही माझीच चूक. टिकलेल्या चारही वाट्या मात्र सुकल्यावर लंबगोल झाल्या. वाटी म्हणून त्या सुंदर आहेत, पण झाकण बसणार नाही, आणि कुंकवाच्या वाटीला झाकण हवेच.

वडोदऱ्याजवळच्या संखेड्याला जाऊन तेथील खराडी, म्हणजे लाकूड कातणाऱ्या, कारागिरांनाही विचारले. त्यांचे काम मुख्यतः सागवानाचे, झोपाळ्याचे आणि खाटांचे पाय. लाकूड दोन टोकांमध्ये धरून भरीव कातायचे. त्यांनी आपुलकीने सर्व दाखवले, परंतु पोकळ पातळ भांड्याचा प्रश्न त्यांच्या रोजच्या कामात येत नाही. त्यांची लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून, घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवण्याची पद्धत पाहून मला ती वाटीवर करावीशी वाटते.

माझे प्रश्न असे: सुके सागवान कातताना काठ गोल का राहत नाही? वाटी गोलही हवी आणि पातळही, तर लाकूड ओले घ्यावे की सुके? आणि एवढ्या पातळ भिंतीवर लाख चढवता येईल का?

प्रतिसाद

नमस्कार काका. मी मकरपुऱ्याला लोखंडाच्या लेथवर बरीच वर्षे काम केले आणि नंतर लाकडाकडे वळलो, म्हणून आपली अडचण चांगली ओळखीची आहे.

जुन्या लाकडातही ताण दडलेले असतात. मधले लाकूड निघाले की ते मोकळे होतात आणि काठ थोडा लंबगोल होतो. शिवाय तेवढी पातळ भिंत पटाशीच्या दाबानेही वाकते. फेऱ्यात दोनदा येणारा आवाज म्हणजे काठाच्या दोन फुगलेल्या बाजू. म्हणून परत काठाकडे यायचेच नाही. काठाजवळचे पहिले 10 मिलिमीटर पूर्ण जाडीला उतरवून तेथेच पॉलिशपेपर मारून घ्या, मग पुढचे 10, असे खाली जा. मधला लाकडाचा गोळा शेवटपर्यंत राहू द्या. भिंतीला खरा आधार तोच देतो. डाव्या हाताची बोटे बाहेरून हलकी टेकवा. बोटांना चटका बसला तर समजा दाब जास्त होतो आहे.

झाकण बसवायचे असेल तर वाटी दोनदा कातावी लागेल. ओल्या लाकडाची भिंत आधी व्यासाच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे 9 मिलिमीटर ठेवा. फांदीचा गाभा पूर्ण टाळा. वाटी वर्तमानपत्रात गुंडाळून वारा नसलेल्या कोपऱ्यात ठेवा आणि दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचे थांबले की सुकली. तोवर ती लंबगोल झालेली असेल, कारण लाकूड वर्तुळाच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्यापासून सालीच्या दिशेने आकसते. आता त्या 9 मिलिमीटरमधून गोल वाटी काढा. आपल्याकडे मे महिन्यातील कोरडी हवा आणि पावसाळ्यातील दमट हवा यांत फार फरक असल्यामुळे झाकणाला किंचित सैलपणा ठेवा.

लाखेची कांडी या भिंतीवर नको. दाब आणि उष्णता दोन्ही तिला सोसणार नाहीत. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा (शुद्ध केलेल्या लाखेच्या पापड्या) मऊ कापडाने, यंत्र बंद ठेवून, दोन-तीन हात द्या.

मूळ धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. आज सागवानाचा एक तुकडा आपण सांगितल्याप्रमाणे दहा-दहा मिलिमीटरने उतरवला. काठ शाबूत आहे. कडुनिंबाच्या दोन वाट्या 9 मिलिमीटरला कातून, वजने लिहून गुंडाळून ठेवल्या आहेत. पहिलीचे आजचे वजन 118 ग्रॅम.