श्रावणातल्या शनिवार-रविवारी ताम्हिणीत दुचाकी बंद करावी का?

पौडरस्ता (धागाकर्ता)

मागच्या जुलैतली गोष्ट. रविवारी सकाळी पुण्याहून ताम्हिणी घाटातून माणगावला आत्याकडे निघालो होतो. एकटाच, दीडशे सीसीच्या गाडीवर. मुळशी धरण मागे पडलं, ताम्हिणी गाव ओलांडलं आणि धुकं उतरलं. माझ्या पुढे एका गाडीवर दोन मुलं होती, विशीतली. उताराचं डावं वळण आलं, समोरून टेम्पो. पुढच्या मुलाने घाबरून ब्रेक दाबला आणि पुढचं चाक सटकलं. गाडी आडवी होऊन घसरत टेम्पोच्या मागच्या चाकाजवळ थांबली. चालवणारा उठून बसला, मागचा उठला नाही. त्याचं हेल्मेट कोपरात अडकवलेलं होतं. मी त्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि फोन लावत राहिलो. रेंज नव्हती. शेवटी एका गाडीवाल्याने खाली विळ्याला जाऊन फोन केला. मुलगा वाचला, पण सहा महिने अंथरुणाला खिळून होता असं नंतर त्याच्या भावाने सांगितलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार-रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ताम्हिणी घाटात दुचाकीला बंदी हवी. तसं करायला नवा कायदा लागत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली लोकांच्या सुरक्षिततेसाठी एखाद्या रस्त्यावर ठरावीक वाहनं रोखता येतात. पावसाळ्यात वरंध घाट बंद ठेवल्याचं आपण पाहिलंय. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकी पहिल्यापासून नाही आणि त्याबद्दल कुणी रडत नाही. ज्यांना धबधबे बघायचेत त्यांनी एसटीने जावं. घाटाच्या सौंदर्यावर माझंही प्रेम आहे, म्हणून तर हे लिहितोय.

वाडीवरचा

माझं घर घाटमाथ्यावरच्या वाडीत आहे. तुम्ही त्या मुलाजवळ थांबलात, त्याबद्दल मनापासून आभार. बरेच जण थांबत नाहीत.

पण बंदीचं बोलताना आमच्याकडं बघा. वाडीत चारचाकी दोनच आहेत. बाकी सगळं दुचाकीवर चालतं. दुधाचे कॅन दुचाकीवर, रेशन दुचाकीवर. माझा धाकटा भाऊ विळे-भागाडच्या कारखान्यात कामाला आहे, त्याची पाळी शनिवार-रविवार बघत नाही. गेल्या पावसात वहिनीला रात्री पोटात दुखायला लागलं, तर पौडपर्यंत मोटरसायकलवरच नेली, मध्ये बसवून, मागून आईने धरून. उद्या नाक्यावर पोलीस उभे राहतील आणि आम्हाला आमच्याच रस्त्यावर आधार कार्ड दाखवत बसावं लागेल. मुळशी धरणाच्या वेळी, त्याविरुद्धच्या १९२१ च्या सत्याग्रहाच्या काळात, इथल्या लोकांनी खूप सोसलं. पुण्या-मुंबईच्या सोयीसाठी मुळशीकरांनी बाजूला व्हायचं, हे आमच्या घरात नवीन नाही. म्हणून हा विषय निघाला की जीव जळतो.

आणि दुचाकीच का? डिसेंबर २०२४ मध्ये ह्याच घाटात लग्नाच्या वऱ्हाडाची बस उलटली, पाच माणसं गेली. पाऊस नव्हता, मोटरसायकल नव्हती. आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ ला बस दरीत पडली, ३० जण गेले. मग बसही बंद करायच्या का?

पावसाळ्यात खरी अडचण होते ती रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाड्यांची. धबधबा दिसला की दार उघडं टाकून माणसं रस्त्यात. दोन गाड्या जेमतेम जातील एवढा रस्ता, त्यातली एक बाजू पार्किंगला गेली की उरलेल्या पट्टीत चढणारे-उतरणारे सगळे. दुचाकीवाला तिथंच मधे सापडतो.

दुचाकीवाली

वाडीवरच्या दादांशी सहमत, बंदीला माझा विरोध. अकरा वर्षं सह्याद्रीतले घाट चालवतेय, माळशेज, कुंभार्ली, आंबोली, सगळे पावसात. एकदाच पडले, तेही शेवाळावर आणि पंधराच्या वेगाने.

आपल्याकडे लायसन्स मिळतं ते सपाट मैदानात गाडीने आठचा आकडा काढून. उतारावर, ओल्या वळणात गाडी कशी धरायची हे कुणी शिकवत नाही. मग तो मुलगा घाबरून ब्रेक दाबणार नाही तर काय करणार? धागाकर्त्याने पाहिलेला अपघात शब्दशः शिकवण्यासारखा आहे. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ उभी असताना कमी करायचा. गिअर खाली आणायचा. मग वळणात थ्रॉटल अगदी हलका, स्थिर ठेवून बाहेर पडायचं. गाडी झुकलेली असताना टायरची पकड आधीच वळण्यात खर्ची पडलेली असते, त्यात ब्रेकची भर घातली की चाक सुटतं. एबीएसवर, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवर, विसंबू नका. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे, पण साधं एबीएस झुकलेल्या गाडीसाठी बनलेलं नाही, आणि शंभर सीसीच्या गाड्यांना बहुतेक ते नसतंच.

उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे आजही दिसतात. माझे काका त्यातलेच होते. इंजिन गाडीला धरून ठेवत नाही म्हटल्यावर सगळा भार ब्रेकवर, ड्रम तापतो आणि शेवटच्या वळणाला लिव्हर दाबूनही गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे ट्रकवाले पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत.

अजून एक, जे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. उजव्या वळणावर चाकं आपल्या बाजूला असली तरी गाडी झुकल्यामुळे डोकं आणि हँडल मधली रेघ ओलांडून पलीकडे गेलेलं असतं. समोरून बस आली तर आधी डोकं सापडतं. म्हणून उजव्या वळणात डावीकडे राहा, पण अगदी कडेला नको, तिथे पावसाने खडी आणून टाकलेली असते.

माणगावची सिस्टर

मी घाटाच्या खालच्या बाजूला परिचारिका आहे. बंदीच्या बाजूने लिहितेय.

दुचाकीवालीताईंनी लिहिलेलं सगळं खरं असेल. पण रविवारी आमच्याकडे येणारी मुलं हे वाचून आलेली नसतात. आदल्या रात्री ठरतं, पहाटे निघतात, कॉलेजला जायची गाडी, गुळगुळीत टायर, मागे मित्र. त्यांना शिकवून होईपर्यंत किती पावसाळे जातील?

दोन गोष्टी मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. धागाकर्त्याने मायेने केलं हे कळतं, पण पडलेल्या माणसाचं डोकं उचलून मांडीवर घेऊ नका. मानेला मार असेल तर त्या हालचालीने हात-पाय कायमचे जाऊ शकतात. जागेवरच, मान हलू न देता धरून ठेवा, वाहनं थांबवा, अंगावर कोरडं काही टाका. हेल्मेट असेल तर घाईने ओढू नका, श्वास अडत असेल तरच दोघांनी मिळून काढा. आणि मदत केल्याने पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही.

१०८ ची रुग्णवाहिका निघाली तरी रविवारी त्या पार्किंगमधून वर पोचायला किती वेळ लागतो ते मी पाहिलंय. गर्दीच कमी करा, एवढंच माझं म्हणणं.

राजदूतवाला

माझं वय ६६. ताम्हिणीचा रस्ता धड नव्हता तेव्हापासून जातोय. बंदी नको, पण सिस्टरबाईंचं म्हणणं मला टोचलं.

माझ्या मते गर्दीपेक्षा जोडी-टोळीने जाण्याची पद्धत घात करते. दहा गाड्या निघतात, पुढचा सगळ्यात तयार गडी, आणि मागचा नवखा त्याला गाठायला आपल्या आवाक्याबाहेर पळवतो. आम्ही उलटं करायचो. सगळ्यात सावकाश चालवणारा पुढे, त्याच्या वेगाने सगळे. मागे अनुभवी माणूस, त्याच्याकडे पंक्चरचं सामान. प्रत्येक फाट्यावर थांबायचं. कुणी मागे राहिला तर कुणाचा कमीपणा नाही.

आणि वेगाचा हिशेब मुलांना कागदावर मांडून दाखवा. ताशी ४० ला एका सेकंदात गाडी ११ मीटर जाते, ६० ला जवळपास १७. हे नुसतं ‘अरे!’ म्हणेपर्यंत. वेग ४० वरून ६० म्हणजे दीडपट झाला, तरी ब्रेक लागल्यावर पुढचं अंतर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतं. धुक्यात पुढचं २० मीटर दिसत असेल तर ४० सुद्धा जास्त आहे. जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे.

पौडरस्ता (धागाकर्ता)

सिस्टर, डोकं उचलल्याचं वाचून रात्रभर झोप लागली नाही. माहीत नव्हतं. सांगितलंत ते बरं झालं.

वाडीवरच्या दादा, तुमची हरकत मान्य. स्थानिकांना अडवणारी बंदी मीही मागणार नाही. गाडीला ग्रामपंचायतीचा स्टिकर, नाक्यावर थांबणं नाही, असं काही चालेल का?

पण दुचाकीवालीताई, तुमच्याशी एका मुद्द्यावर मी अजून सहमत नाही. तुम्ही अकरा वर्षं चालवताय, आणि नियम तुमच्यासाठी करायचे नसतात. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी कौशल्य असलेल्यानेही घाटात असू नये. दरड तुमचा अनुभव विचारत नाही. हवामान खात्याच्या रेड अलर्टच्या दिवशी तरी पर्यटकांसाठी दुचाकी बंद, हे मी सोडणार नाही.

दुचाकीवाली

रेड अलर्टला दुचाकीच नाही, पर्यटकांच्या सगळ्याच गाड्या बंद करा. त्याला माझा पूर्ण पाठिंबा, मी स्वतः त्या दिवशी निघत नाही. पण इतर शनिवारी चारचाकी सोडायची आणि दुचाकी अडवायची, हे अन्यायाचं आहे. एका मोटारीच्या जागेत चार दुचाक्या उभ्या राहतात. नाक्यावर पोलीस उभे करणारच असाल तर दोघांचं हेल्मेट आणि टायर तपासा, प्यायलेल्याला परत पाठवा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन अशी तरतूद आहे. ती एका पावसाळ्यात तरी मनापासून राबवून बघा, मग बंदीचं बोलू.

वाडीवरचा

स्टिकरचं ग्रामसभेत मांडतो. पण पाहुणे-रावळे, माहेरवाशिणी, ह्यांच्या गाडीला स्टिकर कुठून आणायचा? भाऊबीज नसली तरी श्रावणात नागपंचमीला, राखीला लेकी येतातच. त्यामुळं माझं मत अजून बंदीच्या विरोधातच धरा.

रस्त्याचं सांगतो. विळ्याकडं उतरताना झाडीखालच्या वळणांना शेवाळ धरलंय, ऊन पडलं तरी तिथं वाळत नाही. काळा हिरवट पट्टा दिसला की ब्रेकला हात नको. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या, तो नियमच आहे, पण पुण्याहून येणारे थांबत नाहीत. वळणाआधी हॉर्न द्या, नुसता लाइट धुक्यात कळत नाही. आणि तो पायघोळ रेनकोट घालून येऊ नका. गेल्या आठवड्यात एकाचा साखळीत गेला, आम्ही कोयत्याने कापून काढला.

पौडरस्ता (धागाकर्ता)

जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं निवेदन लिहायला घेतोय. रेड अलर्टला पर्यटकांची सगळी वाहनं बंद, घाटात पार्किंग बंद, नाक्यावर हेल्मेट-टायर तपासणी. शनिवार-रविवारच्या दुचाकीबंदीवर एकमत नाही, म्हणून तो मुद्दा माझ्या एकट्याच्या नावाने वेगळा देईन. आणखी काही?

माणगावची सिस्टर

शनिवार-रविवारी एक रुग्णवाहिका घाटातच, ताम्हिणी गावाजवळ उभी हवी. आणि रेंज नाही तिथे पोलिसांचा बिनतारी संच घेऊन एक माणूस.

वाडीवरचा

हे सगळ्यात वर लिहा. सही करायला वाडीतले सगळे येतील.