कॉर्पोरेट फायनान्समधून गुंतवणूक व्यवस्थापनात: आधी सीएफए की आधी अर्ज?

प्रश्न
बजेटिंग, फोरकास्टिंग आणि थोडी ट्रेझरी (कंपनीची रोकड आणि कर्जं सांभाळणं), असा सहा वर्षांचा अनुभव आहे. आता फंड हाऊसमध्ये इक्विटी रिसर्चला (कोणता शेअर घ्यावा, याच्या अभ्यासाला) जायचं आहे. सीएफएच्या (गुंतवणूक विश्लेषकांच्या व्यावसायिक पात्रतेच्या) तिन्ही लेव्हल संपवून मगच अर्ज करावेत का? मुलाखतीत अशा पार्श्वभूमीचे उमेदवार नेमके कुठे अडकतात?

उत्तर १
तिन्ही लेव्हलसाठी थांबू नका. एकेका लेव्हलला साधारण ३०० तासांचा अभ्यास धरतात. नोकरी सांभाळून आठवड्याला १२ तास काढले तरी एका परीक्षेमागे सहा महिने गेलेच. पहिली लेव्हल झाली की अर्ज सुरू करा. चार्टरसाठी (सीएफए ही पात्रता प्रत्यक्ष मिळण्यासाठी) ४,००० तासांचा संबंधित अनुभवही लागतो, तो किमान ३६ महिन्यांचा. ट्रेझरीतलं काम त्यात बसू शकतं, म्हणून कोणत्या निर्णयात तुमचा काय वाटा होता ते आत्तापासून लिहून ठेवा.

उत्तर २
अडकतात ते मॉडेलमध्ये (कंपनीच्या कमाईच्या आणि मूल्याच्या गणितात) नाही, मतात. कंपनीत अंदाज चुकला की व्हेरियन्सचं (अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचं) कारण देऊन भागतं. इथे पहिलाच प्रश्न येतो: तुम्ही म्हणता ते बाजाराने किमतीत आधीच धरलं नाही कशावरून? त्यामुळे मॉडेल उलटं चालवा. आजच्या भावात किती वाढ आणि किती मार्जिन गृहीत आहे ते काढा, मग तुमचा आकडा वेगळा का, ते सांगा.

टर्मिनल व्हॅल्यू (अंदाजाच्या वर्षांनंतरच्या सगळ्या कमाईचं मूल्य) तर हमखास तपासतात. डिस्काउंट रेट (भविष्यातल्या पैशांचं आजचं मूल्य काढण्याचा दर) १० टक्के आणि कायमची वाढ ३ टक्के धरली, तर ती पुढच्या वर्षीच्या फ्री कॅश फ्लोच्या (खर्च आणि गुंतवणूक वजा जाता उरणाऱ्या रोकडीच्या) १४.३ पट येते. वाढ ४ टक्के केली की १६.७ पट. एका टक्क्याने सुमारे १७ टक्के फुगली! म्हणून एकच टार्गेट प्राइस घेऊन जाऊ नका. वाईट परिस्थितीत भाव कुठवर पडेल, तेही हवं.

तुमचं खरं बळ वर्किंग कॅपिटलमध्ये (रोजच्या धंद्यात अडकणाऱ्या पैशात) आहे. विक्री वाढतेय, पण वसुलीचे दिवस ६० वरून ८५ वर गेलेत, तर वितरकांकडे माल ढकलला असण्याची शंका घ्यायला हवी. हे तुम्हाला चटकन दिसेल. दोन-तीन पानांच्या पिचमध्ये (शेअर घ्यावा की नाही, या लेखी शिफारशीत) तेच पुढे आणा.

उत्तर ३
एक कळकळीची सूचना: स्वतःच्या कंपनीच्या शेअरवर पिच करू नका. अप्रकाशित माहिती नकळत तोंडून गेली, तर समोरच्या फंडालाही तो शेअर घेणं-विकणं थांबवावं लागू शकतं. ज्या ग्राहक-पुरवठादारांची आतली माहिती तुमच्याकडे आहे, तेही टाळा. उद्योग ओळखीचा चालेल, माहिती मात्र फक्त जाहीर अहवालांतली.

प्रश्नकर्ता
ट्रेझरीवाल्यांना क्रेडिट रिसर्च (कंपनी कर्ज फेडू शकेल का, याचा अभ्यास) जास्त सोपं जाईल का?

उत्तर २
शिरकाव तिथून सोपा. कोव्हेनंट (कर्जाच्या करारातल्या अटी), कर्जफेडीचं वेळापत्रक, रिफायनान्सिंग (जुनं कर्ज फेडायला नवं घेणं) हे तुमच्या रोजच्या हाताखालचं. पण रोखे घेणाऱ्याला वरचा फायदा मर्यादित असतो, म्हणून तिथे 'किती वाढेल' यापेक्षा 'पैसे बुडतील कसे' हे आधी विचारतात. इक्विटीच हवी असेल, तर पिच दोन्ही ठेवा, एकाच कंपनीचे: एक शेअरवर, एक तिच्या रोख्यांवर.