वीज वाचवणारा डबा लावून कुणाचं बिल खरंच कमी झालंय का?

प्रदर्शनात साडेनऊशेला घेतला, प्लगमध्ये लावायचा पांढरा डबा, वर हिरवा दिवा. विकणारा म्हणाला चाळीस टक्के बिल कमी. ऑक्टोबरमध्ये लावला, डिसेंबरचं बिल खरंच निम्म्यावर आलं, मी तर बहिणीलाही एक घ्यायला लावला. मग एप्रिल आला आणि बिल होतं तिथेच. तेव्हा डोक्यात उजेड पडला की थंडीत पंखे आणि एसी बंदच होते. तुमचे अनुभव लिहा, असल्या बाकीच्या वस्तूंचेही चालतील.

डोंबिवलीकर
माझाही पोपट झालाय. पोरगा इलेक्ट्रिकल डिप्लोमा करतो, त्याने स्क्रू काढून उघडला तर आत एक कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत सोडणारा छोटा भाग), बोटाएवढा बोर्ड आणि तो दिवा, बास.

वायरमन_नाशिक
कारखान्यात मोटरींमुळे पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाला येणारा वाटा, पडतो आणि त्याचा बिलावर परिणाम होतो म्हणून तिथे कपॅसिटर लावतात, ते बरोबरच आहे. पण घरी तुम्हाला बिल येतं ते वापरलेल्या युनिटचं, आणि कपॅसिटरने युनिट कमी होत नाही. पटत नसेल तर स्वतः बघा. मीटरवर ३२०० इम्प असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढ्या वेळा लाल दिवा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करून फक्त एक ७५ वॅटचा पंखा फुल वर लावा, साधारण १५ सेकंदाला एकदा लुकलुकेल. आता डबा लावून परत मोजा. मी कस्टमरसमोर हे करतो, वाद घालायची गरजच पडत नाही.

चाळीतली_सून
आमच्याकडे फरक पडला तो बीएलडीसी पंख्याने, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरच्या. जुना ७५ वॅट, हा ३०. हॉलमधला बारा तास तरी फिरतो म्हणजे दिवसाला अर्धा युनिट, महिन्याला १६ युनिट वाचतात, आणि आमचं रीडिंग शंभरच्या आसपास असतं ना, शंभरच्या वरच्या युनिटला दर एकदम जास्त लागतो, म्हणून ते १६ जाणवतात. पण लावणाऱ्याने जुना रेग्युलेटर तसाच ठेवला होता, पंखा आचके द्यायला लागला, आठवडाभर आम्ही पंख्यालाच शिव्या देत होतो. रेग्युलेटर काढून साधं बटण बसवलं तेव्हा गप्प झाला. रिमोट मात्र सासूबाई उशीखाली ठेवतात आणि मग सगळं घर शोधतं.

मडगावचो
आमच्याकडे खरा चोर गीझर निघाला. २००० वॅटचा, अर्धा तास तापला की एक युनिट गेलंच. बाबा सकाळी सहाला लावून फिरायला जायचे आणि आठला आंघोळ. मधल्या वेळात पाणी थोडं निवलं की तो पुन्हा तापवत बसायचा. पाचशेचा टायमर लावला. बाबा पहिले चार दिवस रुसले होते, आता तेच शेजाऱ्यांना सांगतात.

धागाकर्ती
वायरमनदादा, रात्री मोजलं. डबा नसताना १५ सेकंद, असतानाही १५. बहिणीला अजून सांगितलेलं नाही. डबा बाथरूमजवळच्या प्लगला ठेवलाय, रात्री आईला हिरव्या उजेडात दार दिसतं.