मिनॉक्सिडिल आणि कुत्र्यांचे हृदय

प्रश्न: मिनॉक्सिडिल या रक्तदाब उतरवणाऱ्या औषधाच्या चाचण्यांत कुत्र्यांच्या हृदयाला इजा झाल्याचे वाचले. रक्तदाब उतरल्यावर हृदयाचा भार हलका व्हायला हवा. मग इजा कशी होते?

पहिले उत्तर: हे औषध लहान धमन्यांच्या स्नायूंतील पोटॅशियमचे मार्ग उघडून त्या सैल करते. दाब एकदम घसरताच शरीर प्रतिक्षिप्तपणे ठोके वाढवते, आणि प्राणवायूची गरज वाढलेली असताना पुरवठा अपुरा पडल्याने डाव्या निलयातील (हृदयाच्या खालच्या कप्प्यातील) पॅपिलरी स्नायूंच्या, म्हणजे झडपा ताणून धरणाऱ्या स्नायूंच्या, पेशी मरतात.

दुसरे उत्तर: शिवाय उजव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात) रक्तस्रावही आढळतो. कुत्री याबाबतीत विशेष संवेदनशील असल्याने हे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावणे घाईचे ठरेल. तरीही माणसांना हे औषध बहुधा बीटा-ब्लॉकर (ठोके आवरणारे औषध) व मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) औषधासोबत देतात, ते योग्यच आहे.

तिसरे उत्तर: केस वाढवण्यासाठी मिनॉक्सिडिलचे द्रावण वापरणाऱ्यांनी ते मांजरांपासून कटाक्षाने दूर ठेवावे, थोडे द्रावण चाटूनही मांजरे दगावली आहेत.