मदत हवी आहे: संशयास्पद पावडरचं पाकीट आलं तर आधी कुणाला कळवायचं?

सोलापुरात एका खासगी रुग्णालयात मी परिचारिका आहे. पुढच्या आठवड्यात अँथ्रॅक्सच्या (जिवाणूंमुळे होणारा जीवघेणा आजार) संशयित पाकिटाची रंगीत तालीम घ्यायची आहे. पाकीट हलवायचं नाही, पंखा-एसी बंद, खोली बंद, साबणाने हात, कपडे पिशवीत, हजर असलेल्यांची यादी, एवढं लिहून झालंय. अमेरिकेत २००१ साली टपालाने पाठवलेल्या अशा पाकिटांमुळे २२ जणांना बाधा झाली, ५ दगावले. त्यांत टपाल कर्मचारीही होते. म्हणून आवक-जावक बघणाऱ्या मावशींना मी सगळ्यात आधी शिकवणार. संपर्कात आलेल्यांना द्यायच्या ६० दिवसांच्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकांचं माहीत आहे. आमच्या लॅबमध्ये पाकीट उघडणार नाही.

अडलंय ते असं: ११२ ला फोन केल्यावर महापालिकेचा आरोग्य विभाग आणि जिल्हा सर्वेक्षण कक्ष (रोगांवर लक्ष ठेवणारा), यांपैकी आधी कुणाला कळवायचं? आणि नमुना पुढे पाठवायची जबाबदारी कुणाची?