चेंडू गेला बाहेर, पोरगा कठड्यावर: फुटीत दोन मॅचची बंदी जास्त की कमी?

कडुलिंब

आठवडाभर घरात हाच विषय चाललाय, आता इथे टाकते.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो. धाकटा १६ वर्षांखालच्या संघातून फुटी खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. मैदान लंबगोल, चेंडू लंबगोल, एकेका बाजूला १८ जण. चेंडू हातात घेऊन पळता येतं, आणि चेंडू ५ मीटरच्या आत असेल तर समोरच्याला खांदा मारायलाही मुभा. अंगावर जाणं हा खेळच आहे. पहिल्या वर्षी मी डोळे मिटून बसायचे, आता बसत नाही. तेव्हा "आईला कळत नाही" हे कृपया कोणी लिहू नका.

मागच्या रविवारी तिसऱ्या क्वार्टरला चेंडू आमच्या समोरूनच सीमेकडे घरंगळत चालला होता. त्याच्यामागे आमचा, आणि बाजूने समोरच्या संघातला एक दांडगा मुलगा. चेंडू रेषेपार गेला. आमच्याने पावलं आखूड केली, हात खाली सोडले. आणि तेवढ्यात त्या मुलाचा खांदा बसला.

इथल्या उपनगरी मैदानांना चहूबाजूंनी पांढरा रंग दिलेल्या लोखंडी पाइपाचा कठडा असतो. लोक त्याला गाड्या नाक लावून उभ्या करतात आणि गोल झाला की हॉर्न वाजवतात. त्या पाइपावर हा आदळला. मी बॉनेटला टेकून थर्मासचं झाकण उघडत होते. पोराचा आवाज आलाच नाही, पाइपाचा आला. उजव्या बाजूचं कॉलरबोन मोडलं.

अंपायरने रिपोर्ट केलं, लीगच्या ट्रायब्युनलसमोर (शिस्तीचा निवाडा करणारं मंडळ) सुनावणी झाली, त्या मुलाला दोन मॅच बसवलं. आणि आता आमच्याच संघातले पालक म्हणतायत की दोन म्हणजे जरा जास्तच, सीमेवर असं होतंच. कोचही तेच म्हणाला.

माझं म्हणणं: बंदी हवीच, आणि ती हाड मोडलं म्हणून नव्हे. हाड शाबूत राहिलं असतं तरी हवी. चेंडू बाहेर गेल्यावर त्या धक्क्यातून मिळवायचं काय होतं?

पाचवा_डोंगर

पोराला लवकर बरं वाटू दे. पण ताई, मला पटलं नाही.

मी इथे सीनियर ग्रेडला आठ वर्षं बचावफळीत खेळलोय. बचाव करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एकच शिकवतात: मधे येऊ देऊ नकोस, रेषेकडे रेट. सीमारेषा म्हणजे आमचा एकोणिसावा गडी. मंगळवार-गुरुवार सरावाला हेच घोटून घ्यायचं आणि रविवारी त्याने तेच केलं की ट्रायब्युनलमध्ये उभं करायचं, हा कुठला न्याय?

दोघंही पूर्ण वेगात असतात. चेंडू रेषेवर आहे की चार बोटं पलीकडे, हे तिसऱ्या माणसाला कळतं, पळणाऱ्याला नाही. २०२३ च्या क्वालिफाइंग फायनलमध्ये (बाद फेरीच्या सुरुवातीचा सामना) कॉलिंगवूडच्या ब्रेडन मेनार्डने किक अडवायला उडी मारली आणि मेलबर्नच्या अँगस ब्रेशॉच्या डोक्यावर जाऊन आदळला. ब्रेशॉ जागीच बेशुद्ध. तरी ट्रायब्युनलने मेनार्डला निर्दोष सोडलं, कारण हवेत गेलेला माणूस हवेत दिशा बदलू शकत नाही. पळणाऱ्याचंही तसंच आहे.

कडुलिंब

मेनार्डचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं. ब्रेशॉला २०२४ च्या फेब्रुवारीत डॉक्टरांच्या सल्ल्याने खेळ कायमचा सोडावा लागला. आणि त्याच वर्षी एएफएलने (फुटीची सगळ्यात वरची लीग) नियम बदलला: किक अडवायला जमीन सोडलीत आणि समोरच्याच्या डोक्याला लागलं, तर तो किमान निष्काळजीपणा धरला जाईल. म्हणजे "हवेत होतो, काय करणार" हे कारण एका हंगामात मोडीत निघालं. उडी मारायची की नाही हे तर जमिनीवर असतानाच ठरतं ना?

शिवाय तिथे चेंडू खेळात होता. आमच्याकडे नव्हता.

भोचक

आम्ही कोल्हापूरकर, गोल चेंडूवाले. शाहू स्टेडियमवर वाढलेलो. मला एवढंच सांगा, हे रग्बीच ना?

पाचवा_डोंगर

@भोचक नाही हो. रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही आणि ऑफसाइड असतो. इथे ऑफसाइड नाही, त्यामुळे मार कुठूनही येतो. :)

भोचक

मग कबड्डी म्हणा की. चढाईवाल्याला डॅश मारून मैदानाबाहेर घातला की पॉइंट मिळतो, वर टाळ्या. बंदी कसली न् काय.

कडुलिंब

@भोचक आणि बाहेर पडल्यावर तो कशावर आदळतो? मॅटवर. मॅटच्या कडेने लोखंडी पाइप ठोका आणि मग टाळ्या वाजवा.

सीमारेषा

मी स्थानिक लीगमध्ये बाउंड्री अंपायर आहे. रेषेवरून पळणं आणि बाहेर गेलेला चेंडू पाठ करून डोक्यावरून मागे आत फेकणं, हेच काम. गेल्या सहा हंगामांत किमान तीनशे वेळा हा प्रकार दोन हातांवरून पाहिलाय. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं चुकतंय असं वाटतं.

पहिलं कडुलिंबताईंसाठी. चेंडू रेषेला लागला म्हणजे बाहेर नाही, तो पूर्णच्या पूर्ण पलीकडे जायला हवा. आणि खेळाडूचे पाय कुठे आहेत याला काही अर्थ नाही. दोन्ही पाय बाहेर ठेवून, वाकून आतला चेंडू उचलणारी मुलं मी दर आठवड्याला बघतो. त्यामुळे खेळाडू रेषेबाहेर असताना धक्का बसला एवढ्यावरून तो उशिरा बसला असं होत नाही. कठड्याशी उभ्या पालकांना तो नेहमीच उशिरा वाटतो. त्यात चूक नाही, तिथून तसंच दिसतं.

आता डोंगर, तुमच्यासाठी. "पूर्ण वेगात होतो, कळलं नाही" हे मी रोज ऐकतो. मी हात बघतो. खरोखर चेंडूवर जाणारा किंवा झुंजीत असलेला मुलगा कोपर अंगाशी घट्ट धरतो, कारण त्याला स्वतःलाही लागायची भीती असते. ज्याचे हात लांब होतात, तळवे समोरच्याच्या बरगडीवर येतात, त्याच्याकडे विचार करायला वेळ होता. ढकलायला वेळ लागतो. आणि नजर: चेंडूवर होती की माणसावर? या दोन गोष्टींत माझा रिपोर्ट पूर्ण होतो.

ताई, त्या मुलाचे हात कसे होते, आठवतंय?

जिरेपूड

बंदी किती मॅचची यावर एवढं लिहिताय सगळे. त्या पाइपाला फोम कोणी गुंडाळायचा?

गोलच्या खांबांना जाड गाद्या बांधतात, कारण पळता पळता कोणी आदळेल. म्हणजे आदळतात हे मान्य आहे. मग ५०० मीटरच्या कठड्याने काय पाप केलंय? मैदान कौन्सिलचं, क्लब फक्त भाडेकरू, लीग म्हणते क्लबने बघावं. तिघांच्या मधे पाइप तसाच. पंधरा वर्षांच्या मुलाला दोन मॅच बसवणं स्वस्त पडतं, एवढंच.

पाचवा_डोंगर

+१ जिरेपूड. दोष कुंपणाचा, शिक्षा पोराला.

कडुलिंब

फोम हवाच, त्यासाठी मी सही करते. पण रस्त्यावर खड्डा आहे म्हणून मागून ठोकणारा सुटत नाही. तो मुलगा त्या मैदानावर तीन वर्षं येतोय. पाइप तिथे आहे हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

अर्धवट_चहा

मूळ प्रश्नाकडे येतो. कडुलिंबताईंचं "हाड मोडलं म्हणून नव्हे" हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि त्यावर कोणी बोललंच नाही.

एएफएलची पद्धत अशी. कृत्य जाणूनबुजून की निष्काळजीपणे, लागलं कुठे, आणि आघात किती, या तिन्हींचा तक्ता आहे. निष्काळजी, डोक्याला, आघात कमी: पैशांचा दंड. आघात मध्यम: एक मॅच. जास्त: दोन. गंभीर: थेट ट्रायब्युनल, तीनपासून पुढे. आणि आघात ठरवताना बव्हंशी समोरच्याचं काय झालं ते बघतात. म्हणजे तोच धक्का, तोच कोन. एक जण उठून पळाला तर दंड, दुसरा स्ट्रेचरवर गेला तर निम्मा हंगाम. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पोर्ट ॲडलेडच्या डॅन ह्यूस्टनने आयझॅक रँकीनला बंप (खांद्याचा धक्का) मारला, पाच मॅच गेल्या, फायनल्स (बाद फेरीचे सामने) हुकल्या. रँकीन उठून पळाला असता तर यातलं किती झालं असतं?

कठड्याच्या बाबतीत मात्र नियम ताईंच्या बाजूने आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. धक्का अंगाला बसला, पण त्यामुळे डोकं जमिनीवर किंवा कुंपणावर आपटलं, तर तो डोक्यालाच लागलेला धरतात. कंबरेला मिठी मारून पाडलं तरी. म्हणजे आजूबाजूला काय आहे याची जबाबदारी धक्का देणाऱ्यावर, हे तत्त्व मान्य झालेलंच आहे. फक्त ते डोक्यापुरतं आहे. कॉलरबोनला तो मान नाही.

डोक्याचा एवढा बाऊ का, तर पॉली फार्मर आणि शेन टक या जुन्या खेळाडूंच्या मेंदूत मृत्यूनंतर सीटीई (डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार) सापडलं. टक ३८ व्या वर्षी गेला. महिला खेळाडू हेदर अँडरसन २८ व्या वर्षी. हे सगळं झाल्यावर "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही.

पाचवा_डोंगर

@अर्धवट_चहा तुमच्याच तर्काने चला. परिणाम बघायचा नाही, फक्त कृत्य बघायचं. एका सामन्यात सीमेजवळ असे वीसेक धक्के होतात, डोळ्यांनी मोजलेत. प्रत्येकाला एक मॅच? जूनपर्यंत संघात बारा जण उरतील.

आणि बंदीचं वजन सगळ्यांना सारखं नसतं. ब्राउनलो मेडल (अंपायरांच्या मतांवर ठरणारं, एएफएलमधल्या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) "फेअरेस्ट अँड बेस्ट"ला देतात, त्यामुळे एका मॅचची बंदी झाली तरी माणूस बाद. १९९७ ला ख्रिस ग्रँटला सगळ्यात जास्त मतं होती, एका मॅचच्या बंदीपायी मेडल गेलं. २०२२ ला पॅट्रिक क्रिप्सला बंपसाठी दोन मॅच झाल्या, त्याच्या क्लबने, कार्ल्टनने अपील केलं, बंदी उठली आणि पुढे ब्राउनलो त्यानेच जिंकलं. एकाकडे चांगला वकील, एकाकडे नाही. १६ वर्षांखालच्या पोराकडे तर बापच वकील.

अर्धवट_चहा

वीस धक्के होतात, पण वीस उशिरा होत नाहीत. सीमारेषांनी वर कसोटी दिलीय ना. हात लांब, नजर माणसावर, चेंडू मेलेला. तिन्ही जुळले तर एक मॅच, हाड मोडो न मोडो. जुळले नाहीत तर काही नाही, मग भले हाड मोडो. ताईंना हे दुसरं वाक्य आवडणार नाही.

एक मात्र डोंगरांचं मान्य, बंदीचा न्याय सारखा पडत नाही. एएफएलमध्ये मैदानाबाहेर काढायची सोयच नाही. २०१८ ला अँड्र्यू गॅफने अँड्र्यू ब्रेशॉचा जबडा एका ठोशात फोडला (अँगसचा धाकटा भाऊ, त्या घराचं नशीबच तसं) आणि स्वतः सामना संपेपर्यंत खेळला. नंतर आठ मॅचची बंदी आली, फायदा झाला पुढच्या आठवड्यातल्या भलत्याच संघांना. ज्याचा माणूस गेला त्याला काय मिळालं? स्थानिक लीगमध्ये निदान कार्ड दाखवून बसवतात तरी.

कडुलिंब

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण सीमारेषा यांचा प्रश्न डोक्यात होता. हात कसे होते? मला आठवेना. मला पाइपच आठवतो.

मग एका पालकाने फोनवर काढलेला व्हिडिओ मागवला. अकरा सेकंदांचा आहे. काल रात्री चाळीसेक वेळा बघितला असेल. प्रामाणिकपणे लिहिते: त्या मुलाचं कोपर अंगाशी होतं. हात लांब नव्हते. नजर कुठे होती ते दिसत नाही, पाठमोरा आहे.

आणि आणखी एक. मी वर लिहिलंय की चेंडू बाहेर गेल्यावर धक्का बसला. व्हिडिओत पाइपाचा आवाज आधी येतो, शिट्टी नंतर.

पाचवा_डोंगर

म्हणजे खेळ चालू होता! मग दोन मॅच कशाच्या जोरावर?

सीमारेषा

थांबा. शिट्टीवर जाऊ नका. शिट्टी नेहमी मागून येते. मी बघतो, खात्री करतो, मग फुंकतो, यात अर्धा सेकंद सहज जातो. खेळ शिट्टीने थांबतो हे खरं, पण चेंडू बाहेर गेलेला पळणाऱ्याला माझ्याआधी दिसतो, कारण तो त्याच्यामागेच असतो. पावलं आखूड झाली असं तुम्ही लिहिलंय, ते व्हिडिओत आहे का? आणि चेंडू? धक्क्याच्या क्षणी चेंडू नेमका कुठे आहे ते बघा, बाकी सोडा.

कडुलिंब

पावलं आखूड झालेली स्पष्ट दिसतात. तीन पावलं.

चेंडू नाहीये. फोन पोरांच्या मागे फिरला, चेंडू चौकटीतून आधीच गेलेला. अंपायरने रिपोर्टमध्ये "चेंडू बाहेर गेल्यानंतर" असं लिहिलंय, आणि तो माझ्यापेक्षा जवळ होता.

जिरेपूड

पाइप दिसतो का?

कडुलिंब

पाइप झकास दिसतो. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत. कौन्सिलला पत्र लिहायला घेतलंय, मजकुरात मदत केलीत तर बरं होईल. टाइप मीच करतेय, चिरंजीव सध्या डाव्या हाताने वरणभात सांडतायत.